सुईचा गुण कीं समजुतीचा?

चौतीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून शिकविणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांनीं उतारवयांत तक्रार करावी, यांत नवल नाहीं. गेल्या श्रावणांत माझ्या उजव्या गुडघ्यानें जिन्याशीं असहकार पुकारला. डॉक्टरांनीं क्ष-किरणांचा फोटो काढून सांध्यांतील कूर्चा झिजल्याचें सांगितलें, गोळ्या दिल्या आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नेमून दिला. गोळ्यांनीं पोट बिघडलें व व्यायामाचा मला कंटाळा आला. तेव्हां सूनबाईंच्या आग्रहावरून आमच्या सोलापुरांतीलच एका अक्युपंक्चर करणाऱ्या गृहस्थांकडे मी जाऊं लागलों. केंसासारख्या बारीक आठ-दहा सुया गुडघ्याभोंवतीं, पोटरीवर व हातावर टोंचून ते मला वीस-पंचवीस मिनिटें स्वस्थ पडून राहावयास सांगत. सहाव्या खेपेनंतर एके दिवशीं कठड्याला हात न लावतां मी माडीवर गेलों.

ही वार्ता मीं मोठ्या आनंदानें माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांस सांगितली. ते शाळेंत गणित शिकवीत असत, आणि गणिताच्या शिक्षकाचा संशयी स्वभाव निवृत्तीनंतरहि त्यांनीं सोडलेला नाहीं. ते म्हणाले, “अहो मास्तर, तुमचा गुडघा कांहीं सुधारलेला नाहीं. सुधारली ती तुमची समजूत.”

हें बोलणें मला लागलें. ज्यानें जन्मभर मुलांना ‘पारखल्यावांचून मानूं नका’ असें बजावलें, तोच साठी उलटल्यावर सुईच्या अग्रावर फसला, असा त्याचा अर्थ होत होता. दोन दिवस मी गप्प राहिलों आणि तिसऱ्या दिवशीं पुण्यास डॉक्टर असलेल्या माझ्या पुतणीला फोन करून या विषयावर जें कांहीं प्रमाण मानण्याजोगें असेल तें वाचावयास मागितलें. तिनें पाठविलेले कागद इंग्रजी कोश उशाशीं घेऊन मीं वाचले. मी वैद्य नव्हें, मॅट्रिक झालेला एक शिक्षक आहें. परंतु आंकडे वाचतां येण्यास तेवढें शिक्षण पुरतें, आणि जें मला उमगलें तें आज श्रोत्यांपुढें ठेवितों.

त्या गृहस्थांच्या खोलींत भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें चित्र आहे. सोलापूरच्या माणसास या चित्राची ओळख करून द्यावी लागत नाहीं, पण बाहेरगांवच्या श्रोत्यांसाठीं थोडक्यांत सांगतों. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. जपाननें चीनवर स्वारी केली असतां काँग्रेसनें १९३८ सालीं पांच डॉक्टरांचें एक पथक त्या देशाच्या साहाय्यास पाठविलें. त्यांत अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे मुकर्जी व बसू आणि आमचे कोटणीस होते. बाकीचे चौघे परतले. कोटणीस तेथेंच राहिले, बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, एका चिनी परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला. शांतारामबापूंच्या १९४६ सालच्या चित्रपटानें त्यांचें नांव सर्व हिंदुस्थानांत नेलें.

आमच्याकडे पुष्कळ लोकांची अशी समजूत आहे कीं, सुयांची ही विद्या कोटणीसांनीं चीनमध्यें संपादन केली व तेथून ती आपल्याकडे आली. ही समजूत बरोबर नाहीं. कोटणीस पाश्चात्य वैद्यकांत तयार झालेले शल्यवैद्य होते आणि रणांगणाजवळच्या खेड्यांत त्यांनीं जें केलें तें शस्त्रानें केलें, सुईनें नव्हे. विद्या आणली ती त्यांचे सोबती डॉ. बिजयकुमार बसू यांनीं. बसू १९५८ च्या सुमारास पुन्हां चीनला गेले, तेथें ही पद्धति शिकले आणि १९५९ सालीं कलकत्त्यास त्यांनीं ती सुरू केली. पुढें मित्राच्या स्मरणार्थ व त्याच्या कीर्तीच्या आधारानेंहि तिचा प्रसार झाला. लुधियान्यास कोटणीसांच्या नांवाचें अक्युपंक्चरचें रुग्णालय आहे. यांत गैर कांहींच नाहीं. मात्र एका थोर पुरुषाच्या त्यागावरून औषधाचा गुण ठरत नाहीं, एवढें भान चित्राला नमस्कार करतांनाहि ठेविलें पाहिजे.

कायद्याचीहि तीच गोष्ट. बंगालनें १९९६ सालीं या पद्धतीसाठीं कायदा केला, आपल्या महाराष्ट्रानें २०१५ सालचा अधिनियम करून व्यावसायिकांच्या नोंदणीची सोय केली, आणि २०१९ सालीं केंद्रीय आरोग्य खात्यानेंहि तिला एक स्वतंत्र उपचारपद्धति म्हणून मान्यता दिली. नोंदणी असली म्हणजे सुई टोंचणारा कोण, तो कोठें शिकला, हें विचारतां येतें. ही सोय लहान नव्हे. मळकी सुई रोग पसरविते आणि छातीवर खोल गेलेली सुई फुप्फुसास भोंक पाडूं शकते. असे अपघात विरळा असले तरी घडलेले आहेत. पण नोंदणीवरून गुडघा बरा होतो कीं नाहीं तें कळत नाहीं.

आतां ही पद्धति काय म्हणते तें पाहूं. चिनी मतानें शरीरांत ‘ची’ नांवाची एक प्राणशक्ति चौदा प्रमुख मार्गांनीं वाहत असते. या मार्गांवर ३६१ बिंदु आहेत. प्रवाह कोठें तुंबला कीं रोग होतो आणि योग्य बिंदूवर सुई टोंचली कीं प्रवाह मोकळा होतो. शवविच्छेदन करणाऱ्यांना असे मार्ग कोठें आढळलेले नाहींत. नसांशीं वा रक्तवाहिन्यांशीं ते जुळत नाहींत. खुद्द चीनमध्येंहि या विद्येचे दिवस नेहमींच बरे होते असें नाहीं. १८२२ सालीं तेथील बादशहानें राजवैद्यांच्या विद्यालयांतून ती काढून टाकविली, आणि १९२९ सालीं तेथील सरकारपुढें सर्वच देशी वैद्यकाला बंदी घालण्याचा ठराव आला होता. डॉक्टर थोडे आणि रोगी कोट्यवधि, अशा अवस्थेंत १९४९ नंतरच्या राजवटीनें तिला पुन्हां हात दिला. तेव्हां ‘पांच हजार वर्षें अखंड चालत आलेलें ज्ञान’ हें जें आपण जाहिरातींत वाचतों, तें इतिहासाला धरून नाहीं.

जातां जातां आणखी एक भ्रम. ही विद्या मूळची आपलीच, सुश्रुताची, असें सांगणारे लोक मला भेटले आहेत. ते कान टोंचण्याचा आणि मर्मांचा दाखला देतात. पण सुश्रुतानें मर्में सांगितलीं तीं शस्त्र चालवितांना जपावयाच्या जागा म्हणून. तेथें घाव बसला तर मनुष्य दगावतो, असें त्याचें सांगणें आहे. टोंचण्याच्या जागा आणि न टोंचण्याच्या जागा यांतील भेद मिटवून टाकल्यानें सुश्रुताचा गौरव होतो असें मला वाटत नाहीं.

मूळ कल्पना चुकीची ठरली म्हणून उपचार निरुपयोगी ठरतोच असें नाहीं. समुद्राला भरती कां येते हें न कळतां कोळ्यांनीं भरती-ओहोटीचा उपयोग पिढ्यान् पिढ्या केलाच. म्हणून ‘कां’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘होतें का’ एवढेंच विचारावयाचें. हें विचारणें सोपें वाटतें, पण याच ठिकाणीं भलेभले चुकतात.

माझ्या धंद्यांतील उदाहरण देतों. पहिल्या चाचणींत सर्वांत कमी गुण मिळविणाऱ्या दहा मुलांस पूर्वीं छडी मिळत असे आणि दुसऱ्या चाचणींत त्यांतील बरींच मुलें वर सरकत. छडीचा हा प्रताप आहे, अशी आम्हां शिक्षकांची दृढ श्रद्धा होती. पुढें छडी बंद झाली, तरी तळाचीं दहा मुलें दुसऱ्या खेपेस वर सरकतच राहिलीं! कारण तळाला जाण्यांत त्या दिवसाचें दुर्दैवहि थोडें असतें आणि तें रोज येत नाहीं. गुडघेदुखीचेंहि असेंच आहे. ती चढते, उतरते. मनुष्य वैद्याकडे जातो तो ती अगदीं असह्य झाली म्हणजे. त्यानंतर त्यानें कांहींहि केलें, सुया टोंचल्या, लेप लावला किंवा नवस केला, तरी थोडा उतार पडण्याचा संभव असतोच. तेव्हां माझ्या सहा खेपांचा पुरावा म्हणून उपयोग शून्य, हें मला प्रथम कबूल करावें लागलें.

दुसरी अडचण समजुतीची. तिला वैद्यकांत ‘प्लासीबो’ असा शब्द आहे. तो लॅटिन असून ‘मी संतोष देईन’ असा त्याचा अर्थ होतो. ज्यांत औषध नाहीं अशी गोळी औषध म्हणून दिली असतां रोग्यास जो आराम वाटतो, तो प्लासीबोचा. याची एक जुनी कथा मोठी गमतीची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पर्किन्स नांवाच्या एका अमेरिकन वैद्यानें दोन धातूंच्या टोंकदार कांड्या विकावयास काढल्या. त्या दुखऱ्या भागावरून फिरविल्या कीं वेदना ओढून काढल्या जातात, अशी त्याची ग्वाही होती. इंग्लंडांतील बाथ येथील हेगार्थ नांवाच्या डॉक्टरानें १७९९ सालीं तशाच दिसणाऱ्या लांकडी कांड्या करविल्या व पांच रोग्यांवर त्या फिरविल्या. पांचांपैकीं चौघांना आराम वाटला! दुसऱ्या दिवशीं खऱ्या धातूच्या कांड्या फिरविल्या, तेव्हां निकाल तसाच लागला. धातूचा गुण कीं समजुतीचा, याचा निवाडा एका सुतारानें करून दिला असें म्हणतां येईल.

अक्युपंक्चरची परीक्षाहि अशीच घ्यावयाची, तर खोटी सुई पाहिजे. टोंचल्यासारखें वाटावें पण टोंचलें जाऊं नये, अशी युक्ति बरेच दिवस सांपडत नव्हती. १९९८ सालीं एका जर्मन डॉक्टरानें बोथट अग्राची, नाटकांतल्या खंजिराप्रमाणें दाबतांच आपल्या मुठींत शिरणारी सुई प्रसिद्ध केली. दुसरे कोणी खरीच सुई पण भलत्या ठिकाणीं आणि अगदीं वरवर टोंचतात. अमेरिकेंत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तर दांत कोरण्याची काडी नळींतून त्वचेला नुसती टेंकविली, आणि कंबरदुखीच्या रोग्यांना तिनेंहि खऱ्या सुईइतकाच आराम वाटला.

या साऱ्यांत मला सर्वांत बोलके वाटले ते जर्मनीचे आंकडे. तेथील विमासंस्थांना या उपचाराचे पैसे द्यावे कीं न द्यावे असा प्रश्न पडला, म्हणून मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रोगी घेतले व त्यांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला शास्त्रोक्त सुया, दुसऱ्याला भलत्या ठिकाणीं वरवरच्या सुया आणि तिसऱ्याला औषधें, व्यायाम वगैरे नेहमींचे उपचार. सहा महिन्यांनीं पाहिलें तों पहिल्या गटांत शेंकडा ४७.६, दुसऱ्यांत ४४.२ आणि तिसऱ्यांत केवळ २७.४ रोग्यांना चांगला उतार होता. गुडघेदुखीच्या १००७ रोग्यांवर असाच प्रयोग झाला. हा माझ्या जिव्हाळ्याचा! तेथें शास्त्रोक्त सुया ५३, खोट्या सुया ५१ आणि नेहमींचे उपचार २९, असा निकाल आला.

हे आंकडे मीं वहींत उतरून पुन्हां पुन्हां वाचले. माझे गणिती स्नेही पहिल्या दोन आंकड्यांकडे बोट दाखवून म्हणतील, “पाहा, खरी सुई आणि खोटी सुई सारखीच.” सुयांचे गृहस्थ पहिला व तिसरा आंकडा दाखवून म्हणतील, “पाहा, औषधांपेक्षां आमचा गुण दुप्पट.” दोघेहि खरें तेंच सांगतील, आणि दोघेहि अर्धा तक्ता झांकून ठेवतील.

पुढें एका मंडळीनें उत्तम रीतीनें केलेले असे २९ प्रयोग एकत्र करून १७,९२२ रोग्यांचा हिशेब मांडला. तो २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं सामान्य वाचकासाठीं दिलेलें उदाहरण असें: वेदनेचें माप शून्यापासून शंभरापर्यंत धरा. रोगी येतो तेव्हां त्याची वेदना ६० आहे. सुया नाहींतच, तर कालांतरानें ती ४३ वर येईल. खोट्या सुयांनीं ३५ वर येईल. खऱ्या सुयांनीं ३० वर येईल. या उतरणीवर नीट लक्ष द्यावें. ६० पासून ४३ पर्यंतचा मोठा भाग काळाचा आणि नेहमींच्या उपचारांचा आहे, ही माझी छडीची गोष्ट झाली. त्यापुढचे ८ समजुतीचे. आणि शेवटचे ५, फार तर, सुई नेमकी कोठें व किती खोल गेली त्याचे. हे पांचहि निखालस सुईचेच म्हणतां येत नाहींत, कारण टोंचणाऱ्याला आपण खरी सुई टोंचतों कीं खोटी हें ठाऊक असतें आणि त्याच्या चेहऱ्यावरून, स्वरावरून तें रोग्यापर्यंत नकळत पोंचतें.

पूर्वेकडील प्रयोगांबद्दल एक सावधगिरीची सूचना येथेंच देतों. १९९८ सालच्या एका पाहणींत असें दिसलें कीं, चीनमध्यें झालेला अक्युपंक्चरचा प्रत्येक प्रयोग यशस्वी ठरला होता. ज्या शाळेचा निकाल दरवर्षीं शेंकडा शंभर लागतो, तिच्या परीक्षागृहांत एकदां डोकावून यावें असें आम्हां मास्तरांना वाटतेंच. पश्चिमेकडेहि भोळेपणा कमी नव्हता. १९७१ सालीं पेकिंगला गेलेले अमेरिकन पत्रकार रेस्टन यांचें आंत्रपुच्छ तेथें कापून काढलें, तें नेहमींच्या भूल देण्याच्या औषधानें. सुया टोंचल्या त्या नंतर, पोटांतील अस्वस्थता कमी व्हावी म्हणून. त्यांनीं तसेंच लिहिलेंहि. पण लोकांच्या तोंडीं गोष्ट गेली ती ‘सुया टोंचून, भूल न देतां शस्त्रक्रिया झाली’ अशी.

तर मग माझे स्नेही बरोबर ठरले काय? अर्धे ठरले. परंतु ‘समजूत’ हा शब्द ते ज्या तुच्छतेनें उच्चारतात ती मला मान्य नाहीं. १९७८ सालीं अमेरिकेंत दाढ काढलेल्या रोग्यांवर एक प्रयोग झाला. खोट्या औषधानें ज्यांच्या वेदना कमी झाल्या होत्या, त्यांना अफूच्या गुणावर उतारा म्हणून जें औषध देतात तें दिलें, तेव्हां त्यांच्या वेदना पुन्हां वाढल्या. याचा अर्थ असा कीं, आराम पडेल या अपेक्षेनें शरीर स्वतःच अफूसारखें द्रव्य तयार करतें, आणि उतारा दिला कीं त्याचा गुण नाहींसा होतो. म्हणजे समजुतीचा आराम हा भास नव्हे, ढोंग तर नव्हेच. गुडघ्यांतून निघालेली वेदना मेंदूंत पोंचण्यापूर्वीं तिला वाटेंत अडविलें जातें. झिजलेली कूर्चा मात्र झिजलेलीच राहते.

ही समजूत घडते कशी, यावर २००८ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. पोटाच्या एका चिवट विकाराचे २६२ रोगी त्यांत होते. कांहींना नुसतें थांबवून ठेविलें. कांहींना खोट्या सुया, पण बोलणें जेवढ्यास तेवढें. आणि कांहींना त्याच खोट्या सुया, पण टोंचणाऱ्यानें जवळ बसून विचारपूस केली, ऐकून घेतलें, धीर दिला. पुरेसा आराम पडल्याचें सांगणारे अनुक्रमें शेंकडा २८, ४४ आणि ६२ निघाले. सुई तीच, खोटीच, आणि आपुलकीच्या शब्दानें अठरांची भर पडली! आमच्या गांवांत दिवसभर माग चालवून पाठ धरलेला कामगार किंवा विड्या वळतांना मान आंखडलेली बाई सरकारी दवाखान्यांत जाते, तेव्हां डॉक्टरांपाशीं तिच्यासाठीं दोन मिनिटें असतात. बाहेर रांग उभी असते, त्यांचा तरी काय इलाज? माझे सुयांचे गृहस्थ मला पाऊण तास देतात. गुडघ्याबरोबर माझ्या झोंपेची, जेवणाची, नातवंडांची चौकशी करतात. जर्मन तक्त्यांतील २९ आणि ५१ यांमधल्या अंतराचा बराच भाग या पाऊण तासांत दडला असावा, असें माझें मत झालें आहे.

तज्ज्ञांचेंहि एकमत नाहीं. इंग्लंडांतील उपचारांची पारख करणाऱ्या सरकारी मंडळानें २००९ सालीं कंबरदुखीसाठीं सुयांची शिफारस केली, २०१६ सालीं ती काढून घेतली आणि २०२१ सालीं ज्या जुनाट वेदनांचें कारणच सांपडत नाहीं त्यांसाठीं पुन्हां सुयांना जागा दिली. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ मनगटाजवळच्या एका बिंदूवर दाबल्यानें वा टोंचल्यानें कमी होते, याला मात्र बराच भक्कम आधार आहे. वेदना आणि मळमळ सोडल्यास बाकीच्या लांबलचक यादीबद्दल, मधुमेह, लकवा, बहिरेपणा, दमा यांबद्दल, जाहिराती पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मानानें पुरावा फार थोडा.

दम्याचें नांव मीं सहज घेतलेलें नाहीं. माझा अकरा वर्षांचा नातू दमेकरी आहे. आमच्याकडे धुळीचे वारे सुटले कीं त्याची छाती वाजूं लागते. ज्याला घरोघर ‘पंप’ म्हणतात, तें हुंगावयाचें औषध तो नियमानें घेतो. माझा गुडघा पाहून सूनबाईंची श्रद्धा वाढली होती. त्यांनीं नातवाचा विषय काढला, तेव्हां ते गृहस्थ म्हणाले, “दोन महिने सुया घेऊं, मग पंप हळूहळू बंद करतां येईल.” आईला याहून गोड शब्द कोणता? आठ दिवसांत तो पंप शाळेच्या दप्तरांतून निघून कपाटावर गेला.

मला तो तेथें दिसला तेव्हां मीं पुतणीनें पाठविलेल्या कागदांतील एक कागद पुन्हां काढला. बोस्टन येथें दम्याच्या रोग्यांवर केलेला हा प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्याच रोग्यांना वेगवेगळ्या दिवशीं खरा पंप, खोटा पंप आणि खोट्या सुया दिल्या, व एके दिवशीं कांहींच दिलें नाहीं. बरें वाटतें का असें विचारलें, तों खऱ्या पंपानें शेंकडा ५०, खोट्या पंपानें ४५ आणि खोट्या सुयांनीं ४६ इतका आराम रोग्यांनीं सांगितला. म्हणजे सारे जवळजवळ सारखेच. मग यंत्रांत फुंकावयास लावून श्वास मोजला. खऱ्या पंपानें तो शेंकडा २० नीं वाढला होता. इतर तिन्ही वेळां, कांहीं न केलेल्या दिवशींसुद्धां, वाढ साताच्या आसपास. वाटत होतें सारखें, पण श्वासनलिका उघडली होती ती एकाच औषधानें.

गुडघ्याच्या बाबतींत ‘वाटणें’ हाच सारा व्यवहार आहे. वेदना म्हणजे जें वाटतें तेंच. मला बरें वाटलें तर मी बरा, दुसरें माप नाहीं. पण दम्यांत बरें वाटत असतां नळ्या आवळलेल्या राहूं शकतात, आणि ज्याला बरें वाटतें तो धोका ओळखत नाहीं.

मीं सूनबाईंशीं वाद घातला नाहीं. कागदहि दाखविला नाहीं, कारण इंग्रजी कागदानें घरांत मन पालटत नाहीं. श्वासाचा जोर मोजण्याची एक साधी नळी औषधांच्या दुकानीं मिळते, ती आणली. पंप त्याच दिवशीं दप्तरांत परत ठेवविला, आणि एके संध्याकाळीं छाती जराशी वाजत असतां, पंप खिशांत ठेवून, आम्ही तिघे त्या गृहस्थांकडे गेलों. मीं त्यांना सरळ विचारलें, “आधीं आणि नंतर मोजलें तर आपली हरकत नाहीं ना?” त्यांनीं आनंदानें होकार दिला, हें मीं सांगितलेंच पाहिजे.

नातवानें तीनदां फुंकलें. चांगल्यांत चांगला आंकडा २१० आला. सुया झाल्या. वीस मिनिटांनीं पोर उठून म्हणालें, “आजोबा, आता मोकळं वाटतंय.” त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच तरतरी होती. पुन्हां फुंकलें, २१०. मग पंपाचे दोन झोत दिले आणि पंधरा मिनिटें थांबलों. २८०.

खोलींत कोणी बोललें नाहीं. एका मुलाच्या एका संध्याकाळच्या आंकड्यांनीं शास्त्र सिद्ध होत नाहीं हें मला ठाऊक आहे, पण बोस्टनच्या कागदांतील तक्ता आमच्या डोळ्यांदेखत त्या नळीवर उमटला होता. त्या गृहस्थांनीं नळी हातांत घेऊन कांटा स्वतः निरखून पाहिला आणि ते सूनबाईंकडे वळले. म्हणाले, “ताई, पंप बंद करण्याचं मी बोललो होतो, ते मागं घेतो. डॉक्टरांनी सांगितलंय तसंच चालू राहू द्या.”

पुढच्या गुरुवारीं मी माझ्या गुडघ्यासाठीं ठरलेल्या वेळीं त्यांच्याकडे गेलों. डॉक्टरांनीं दिलेला मांडीचा व्यायामहि मीं आतां पुन्हां सुरू केला आहे. मी पलंगावर पडलों, त्यांनीं कोऱ्या सुयांचें पाकीट फोडलें आणि पहिली सुई टोंचण्यापूर्वीं विचारलें, “नातवाचा पंप चालू आहे ना?”